मंदाताईंचे त्रिंबक दळवी

कल्याणच्या पारनाक्यावर राहणाऱ्या मंदाकिनी टिपणीस यांना सिनेमातलं काय कळतं, असं कुणी विचारलं असतं, तर त्यांच्या घरच्यांनी एका सुरात सांगितलं असतं, काही कळत नाही. बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. काज, टीप, हातशिलाई, झबलं, परकर, पोलकं. यापलीकडे त्यांचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही ते कुणाच्या अंगावर टाकलं नव्हतं. अशा बाईंनी त्रिंबक दळवी या सिनेमा-दिग्दर्शकावर सत्तावीस पानांचा निबंध लिहिला. ठाण्याला नौपाड्यातल्या एका महिला मंडळाच्या स्पर्धेत तो पहिला आला, आणि खुद्द दळवींचा सत्कार होणार आहे त्या सभेत तो वाचून दाखवा, असं पत्र घरी आलं. साल एकोणीसशे सत्तावन्न. पत्र आलं त्या दिवशी मंदाताईंना आभाळ ठेंगणं झालं. पुढे त्यांना पायाखालची जमीनही सापडेना, ती का, तेच सांगायचं आहे.

मंदाताई बावीस वर्षांच्या असताना त्यांचे यजमान मधुकर टिपणीस विषमज्वराने गेले. पोस्टात नोकरी, उंचापुरा देह, बोलका स्वभाव, आणि एकवीस दिवसांत सगळं आटोपलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं. थोरले दीर श्रीपादराव आणि जाऊ वासंतीवहिनी यांनी मंदाताईंना चांगलं वागवलं. चांगलं म्हणजे शिवणाचा कोर्स करू दिला, नोकरी करू दिली, आणि मधुकरचा विषय घरात पुन्हा काढला नाही. हे शेवटचंही चांगुलपणातच मोडत होतं. त्याचा फोटो ट्रंकेत गेला. त्याच्या आवडीची वालाची उसळ होईनाशी झाली. मंदाताई एकट्या बसून त्याला आठवायला जायच्या, तर तापाने फणफणलेला, बायकोला न ओळखणारा मधुकर तेवढा डोळ्यांपुढे यायचा. त्याआधीची तीन वर्षं त्या एकवीस दिवसांखाली गाडली गेली होती. नवरा गेल्याचं दुःख लोकांना दिसत होतं. तो जिवंत असतानाचाही हातून गेला, हे दुःख कुणाला सांगायची सोय नव्हती.

दोन वर्षं अशी गेली. मग एकोणपन्नास साली वासंतीवहिनींच्या धाकट्याला गोवर निघाला.

गोवराचा आणि सिनेमाचा संबंध असा, की चंद्रविलास टॉकीजमध्ये दर शनिवारी दुपारी तीन वाजता फक्त बायकांसाठी खेळ असायचा, आणि त्या शनिवारचं तिकीट वहिनींनी काढून ठेवलं होतं. पोराला टाकून जाता येईना, तिकीट वाया घालवणं जिवावर आलं. "जा गं मंदा तू," त्या म्हणाल्या. "दळवींचा आहे, सोज्वळ असतो म्हणतात. बायकाच तर असतात. कोण बघतंय!" मंदाताई गेल्या. अंगावर गडद लुगडं, कपाळ मोकळं. कुणाच्या नजरेत नको म्हणून भिंतीकडेच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या.

सिनेमाचं नाव होतं 'उसनं लुगडं'. एक टांगेवाला, त्याची बायको, आणि लग्नाला जायला शेजारणीकडून मागून आणलेलं एक लुगडं, एवढीच गोष्ट. मध्यंतरापर्यंत मंदाताईंना ती बरी वाटली. मध्यंतर झालं, दिवे पुन्हा मालवले, आणि काही कळायच्या आत घाटात घोडा उधळला, टांगा दरीत गेला. त्याला घरी आणलं. बायको ते उसनं लुगडं नेसून प्रेताशेजारी बसलेली. हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. मग निम्म्याअधिक बायका डोळे पुसत उठल्या, पिशव्या आणि टोपल्या उचलल्या आणि चपला फटफटवत निघून गेल्या. मंदाताईही उठणारच होत्या. त्यांना वाटलं, संपला.

तेवढ्यात पडद्यावर दार उघडलं आणि टांगेवाला आत आला. जिवंत. चाबूक खुंटीला अडकवला आणि चहात साखर कमी का म्हणून बायकोशी हुज्जत घालायला लागला.

मंदाताई खाली बसल्या. पुढचा पाऊण तास तो माणूस जगत होता. बायकोपासून लपवून आंबा खात होता, घोड्याला शिव्या देत होता, तोंड उघडं टाकून घोरत होता. तो मरणार आहे हे पडद्यावरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं; ठाऊक होतं फक्त त्यांना. शेवटी तो भिजून घरी येतो आणि विचारतो, "जेवायला काय आहे?" बायको म्हणते, "बसा तर खरं!" आणि 'समाप्त' अशी पाटी येते.

घरी येताना दूधनाक्यावर मंदाताई थबकल्या. मधुकर ऑफिसातून आला की आधी स्वयंपाकघरात शिरायचा आणि भांड्यांवरची झाकणं एकेक उचलून बघायचा. हात धुवा आधी, असं त्या ओरडायच्या. तो झाकण हातात धरून हसायचा. सगळं लख्ख आठवलं, अगदी झाकणाच्या चटक्याने त्याने झटकलेली बोटंसुद्धा. रस्त्यात उभं राहून रडणं बरं दिसत नाही म्हणून त्या भाजीवालीकडे वाकून नुसत्याच मिरच्या निवडत राहिल्या.

त्या दिवसापासून त्रिंबक दळवी त्यांचे झाले.

पुढच्या सात वर्षांत दळवींचे आणखी तीन सिनेमे आले. 'पैलतीरीचं घर', 'कोरडी विहीर' आणि 'धाकटी पाती'. चंद्रविलासला जितके शनिवार ते चालले तितके शनिवार मंदाताई गेल्या. दुसऱ्या कुणाचा सिनेमा त्यांनी पाहिला नाही. घरून परवानगी फक्त दळवींना होती, आणि त्यांना इच्छाही तेवढीच होती. दळवींची रीत त्यांनी ओळखली होती. सगळीकडे पाया आधी आणि कळस मागून. दळवी मात्र आधी कळस, मग पाया. मध्यंतरानंतर शेवट उरकून टाकायचा आणि मग मागे जाऊन माणूस जगताना दाखवायचा. 'पैलतीरीचं घर'मधले म्हातारे मास्तर वारतात, आणि नंतर अर्धा तास आपला चष्मा शोधत घरभर हिंडतात. 'कोरडी विहीर'मधल्या आईला आधी तिरडीवर बघायचं, आणि मग ती पोराला पाय धुऊन आत ये म्हणून दटावत असते तिथे 'समाप्त'.

मधेच उठून जाणाऱ्या बायकांचंही त्यांनी उत्तर शोधलं होतं. निबंधात त्यांनी लिहिलं: 'पुष्कळांना शेवट कळला की पुरते. दळवी हे जाणून आहेत. म्हणून ते अशांना शेवट देऊन आधीच वाटेला लावतात, आणि जे बसून राहतात त्यांच्यासाठी खरा चित्रपट मग सुरू करतात.' हे वाक्य लिहिल्यावर त्यांनी दौतीचं झाकण लावलं आणि बराच वेळ स्वतःवर खूश होऊन बसल्या.

आता कुणी म्हणेल, आठ वर्षांत दळवींच्या या रीतीबद्दल त्यांना एकदाही कुणी काही बोललं नाही? कोण बोलणार! वासंतीवहिनी सिनेमाला गेल्या की मध्यंतरापर्यंत झोपायच्या आणि मध्यंतरानंतर पोरं सांभाळायच्या. श्रीपादराव रात्रीच्या खेळाला जायचे, पण थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, तिथे सिनेमावर चर्चा कुठली? एकदा ते जेवताना वहिनींना म्हणाले होते, "काय हा दळवी, शेवटी मारून टाकतोच." मंदाताई आतून ऐकत होत्या. त्यांना भावोजींची कीव आली. इतकं शिकलेला माणूस, आणि गोष्टीचा शेवट नि सिनेमाचा शेवट यांतला फरक कळू नये!

तर निबंध पहिला आला. मंडळाच्या चिटणीस सुहासिनीबाई गुप्ते यांनी पत्रात लिहिलं होतं, की एकतीस निबंधांत तुमचाच अगदी वेगळा आहे. खरं असं होतं, की तो मंडळात कुणालाच धड कळला नव्हता. आणि जे कळत नाही ते खोल असणार, असं सर्वानुमते ठरलं होतं. सत्काराच्या आठ दिवस आधी, शनिवारी, ठाण्याच्या थिएटरात मंडळाच्या बायकांसाठी 'उसनं लुगडं'चा खास खेळ ठेवला होता. मंदाताई शाळेतून अर्धी रजा काढून गेल्या. कल्याणबाहेर सिनेमा बघायची ती पहिलीच वेळ. सुहासिनीबाईंनी त्यांना पुढच्या रांगेत, आपल्या शेजारी बसवलं.

मध्यंतर झालं. दिवे मालवले. मंदाताईंनी पदर तोंडाशी धरला, कारण आता टांगा दरीत जाणार.

टांगा गेला नाही. टांगेवाला चाबूक अडकवून चहात साखर कमी का म्हणून भांडायला लागला. मंदाताईंना वाटलं, इथल्या ऑपरेटरचा काही तरी घोटाळा झालाय. त्या सुहासिनीबाईंच्या कानाशी लागल्या, "रिळं चुकलीयत." सुहासिनीबाई म्हणाल्या, "काय?" मागून कुणी तरी शुक् केलं. आंबा झाला, घोरणं झालं. मग तो भिजून आला, "जेवायला काय आहे?" "बसा तर खरं!" आणि मंदाताई उठून उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले. त्यांचा सिनेमा संपला होता.

"अहो, खाली बसा!" मागच्या रांगेतून एकदम चार आवाज आले. सुहासिनीबाईंनी त्यांचा पदर ओढला. त्या बसल्या, आणि मग घोडा उधळला.

मरण त्यांनी चंद्रविलासमध्ये कित्येकदा पाहिलं होतं, पण असं नव्हतं पाहिलं. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. बायको उसन्या लुगड्यात प्रेताशेजारी बसली, पडदा काळा झाला, 'समाप्त', आणि फटकन दिवे लागले. बायका नाकं शिंकरत उठल्या. कुणी म्हणाली, काय सुंदर शेवट केलाय. कुणी म्हणाली, चला, नळाची वेळ झाली. मंदाताई पडद्याकडे बघत बसून राहिल्या. आता दार उघडेल असं त्यांना अजून वाटत होतं. झाडूवाला आला तेव्हा त्या उठल्या.

उठल्या त्या तडक जिना चढून मशीनच्या खोलीत गेल्या. ऑपरेटर डबे बांधत होता. "तुम्ही रिळं उलटसुलट लावलीत," मंदाताई म्हणाल्या. शाळेत मुलीने उलटी टीप घातली की लागायचा तोच आवाज लागला होता.

तो भला माणूस होता. त्याने डबे दाखवले. "बाई, प्रत्येकावर नंबर असतो. हा बघा, तेरा-चौदा. हाच शेवटचा. कंपनीतून असाच येतो."

"शेवटी तो मरतो?"

"मरतोच. सगळ्या गावांत मरतो."

कल्याणला उतरल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी न जाता त्या चंद्रविलासच्या मागच्या दाराशी गेल्या. तिथला ऑपरेटर धोंडीबा बाकड्यावर बसून तंबाखू मळत होता. पन्नाशीचा माणूस, मशीनमधल्या जळत्या कार्बन-कांडीच्या प्रकाशाने डोळे कायमचे बारीक झालेले. भिंतीकडेच्या खुर्चीवरच्या बाईंना तो चेहऱ्याने ओळखायचा. मंदाताईंनी विचारलं आणि त्याने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात आहे हेच त्याला वाटलं नव्हतं.

"आता शनवार म्हंजे बाजार, बाई. टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव, पार तिकडनं बाया येत्यात. बाजार करायचा, पिक्चर बघायचा आन् पाच-धाच्या कसारा गाडीनं माघारी. ती चुकली की मंग रात. घरी चूल, पोरंबाळं. पयलं पयलं काय व्हायचं, शेवट ऱ्हायचा आन् या उठून जायच्या. दुसऱ्या शनवारी माझ्या उरावर, 'सांग रे मेल्या, तो जगला का मेला?' मालक बोलले, धोंडीबा, इंटरवल झाला की शेवटचा डबा लाव. जायाच्या त्या बघून जातील. मंग ऱ्हायलेलं लाव गावातल्या बायांसाठी."

"आणि 'समाप्त'?"

"तेवढी पट्टी कापायची आन् मागं चिकटवायची. न्हाईतर गावातल्या बायापन उठतील ना." तो हसला. "फकस्त शनवारी दुपारी. रातच्याला सरळ असतंय."

"सगळ्याच सिनेमांना?"

"समद्यास्नी. मारामारीचा असू दे न्हाईतर देवाचा."

मंदाताई बाकड्याच्या टोकाला बसल्या. विधवा बाई टॉकीजच्या मागच्या दाराशी ऑपरेटरच्या बाकड्यावर बसलेली कुणी बघितली असती तर पारनाक्यावर आठ दिवस पुरलं असतं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. "धोंडीबा, तुम्ही कधी नीट बसून पाहिलात का हो, 'उसनं लुगडं'? तो मेल्यावर परत आत येतो, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?"

"म्या?" धोंडीबाने तंबाखू तोंडात टाकली. "म्या पिक्चर कुठं बघतो, बाई! म्या कार्बन बघतो. कार्बन जळून आखूड झाला की पडद्यावर अंधार." मग त्याला मंदाताईंच्या हातातली निबंधाची वही दिसली आणि ठाण्याचा सत्कारही त्याच्या कानावर आला होता. तो एकदम गंभीर झाला. "बाई, ठान्याला यातलं बोलू नका. कंपनीला कळलं तर हितं पिक्चर देनार न्हाईत, आन् मालक समदं माझ्यावर ढकलतील. पंधरा वर्सं झाली मला हितं."

बोलणार नाही, असं मंदाताईंनी सांगितलं. आणि मग सुरू झाला तो आठवडा.

मंदाताईंनी त्या आठवड्यात एका मुलीच्या पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्या कापून दिल्या. वरण दोनदा फोडणीला टाकलं. आठ वर्षं ज्याच्यावर जीव टाकला तो माणूस कोण, हेच त्यांना कळेनासं झालं होतं. दळवी? त्यांनी तर त्या टांगेवाल्याला दरीत लोटलं आणि दिवे लावले. धोंडीबा? तो कार्बन बघत होता. मालक? मालकाला तिकिटं खपवायची होती. मग मेलेल्या माणसाला दार उघडून परत आत आणलं कुणी? पाच-दहाच्या कसारा गाडीने? रेल्वेचं वेळापत्रक हे आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सांत्वन, असं का म्हणायचं आता? एका रात्री त्यांनी निबंधातलं दळवींचं नाव खोडून पेन्सिलीने 'धोंडीबा' लिहून बघितलं. 'धोंडीबांची जीवनदृष्टी' हे शब्द वाचून त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता असं रडू आलं की वासंतीवहिनी उठून आल्या.

वहिनींना सगळं सांगावंच लागलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "अगं, मग वाच की आहे तसं. तिथं कोण तपासायला बसलंय? शाल देतील, नारळ देतील, घेऊन ये."

"खोटं आहे ना पण ते. त्यांनी केलेलंच नाही."

"मग पोटात दुखतंय म्हणून कळव आणि जाऊ नकोस."

"पण लिहिलंय ते खोटं नाहीये, वहिनी."

"तुझं तुलाच कळतंय का, काय म्हणतेस ते?" वहिनी म्हणाल्या. रागावून नाही, काळजीने म्हणाल्या. मंदाताईंनी नाही म्हणून मान हलवली. वाचलं तर दळवींना न केलेल्याचं श्रेय, खरं सांगितलं तर धोंडीबाच्या पोटावर पाय, आणि गेलंच नाही तर ती आठ वर्षं कुठल्या तोंडाने सांभाळायची? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ही सत्तावीस पानं.

रविवारी सकाळी दहाला नौपाड्यातल्या शाळेचा हॉल भरला होता. व्यासपीठावर दळवी बसले होते. मंदाताईंनी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साठीचा किडकिडीत माणूस, कोटाची वरची गुंडी तुटायला आलेली, सारखा घड्याळाकडे बघणारा. मंदाताईंना त्यांच्याबद्दल काय वाटावं ते ठरेना. नमस्कार करावा असंही वाटलं आणि कोट काढा, गुंडी लावून देते, असंही वाटलं.

नाव पुकारलं. त्या उठल्या, माइकपुढे उभ्या राहिल्या आणि वही उघडली. काय करायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. समोर पहिली ओळ होती, ती त्यांनी वाचली. मग दुसरी वाचली. हात आपोआप पानं उलटत गेले.

चौथ्या पानाशी कुजबुज सुरू झाली. या बायकांनी गेल्याच आठवड्यात सिनेमा सरळ पाहिला होता. 'शेवट देऊन आधीच वाटेला लावतात' या वाक्याला कुणी तरी फिसकन हसलं आणि हसू रांगेरांगेने मागे गेलं. सुहासिनीबाई खाली मान घालून साडीच्या निऱ्या सारख्या करू लागल्या. मंदाताईंचे कान तापले, पण त्या थांबल्या नाहीत. मास्तरांचा चष्मा, विहिरीवरची आई, भिजून आलेला टांगेवाला, सगळं वाचलं. दळवी घड्याळाकडे बघायचे थांबले होते.

वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. दळवीच बोलले. "एक मिनिट, बाई. असे सिनेमे मी काढलेले नाहीत. तुम्ही कुठल्या टॉकीजमध्ये पाहिलेत?"

मंदाताईंनी वहीत बघितलं.

"नाव सांगा मला. मी वितरकांना आजच्या आज कळवतो. चार चार महिने झोप न घेता आम्ही शेवट जुळवतो, आणि कुणी तरी टिनपाट माणूस त्याची अशी चिरफाड करतो! कोण आहे तो?"

हॉलमधलं हसू थांबलं. सगळ्या माना मंदाताईंकडे वळल्या. त्यांनी वही मिटली आणि छातीशी धरली.

"टॉकीजचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "मीच तसे बघते."

"म्हणजे?"

"शेवट झाला की मी बसून राहते. मग मागचं सगळं परत बघते. माझ्याच डोक्यात ते तसं लागतं." हे खोटं होतं की खरं, हे बोलताना त्यांचं त्यांनाही कळेना.

मागे पुन्हा हशा पिकला. शिवणाच्या बाईंच्या डोक्यात काही तरी बिघाड आहे, एवढं आता सगळ्यांना समजलं होतं. दळवींचा राग ओसरला. ते समजुतीच्या सुरात, लहान मुलीशी बोलावं तसे बोलले, "पण बाई, माणूस मेल्यावर पुढे दाखवायचं काय? तिथं गोष्ट संपते. दिवे लागतात, लोक आपापल्या घरी जातात."

"हो, लोक जातात," मंदाताई म्हणाल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला. "माझे यजमान वारले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तेव्हाही सगळे थोडा वेळ बसले, रडले, आणि उठून आपापल्या घरी गेले. मी कुठं जाणार होते, दळवीसाहेब? मी घरातच होते."